नैसर्गिक शिया बटर त्वचेसाठी खरोखर उपयोगी आहे का, आणि ते येते कोठून?

नागपूरला राहणाऱ्या एका भगिनींनी हा प्रश्न विचारला आहे. हिवाळ्यात त्यांच्या टाचांना भेगा पडतात, चार वर्षांच्या मुलाची त्वचाही फार कोरडी आहे. माहेर सावंतवाडीकडचे असल्याने आजवर त्या कोकमतेल वापरत आल्या. आता जिकडेतिकडे शिया बटरची शिफारस दिसते, तेव्हा ते नेमके काय आहे, ‘नैसर्गिक’ कशाला म्हणायचे, मुलाला लावले तर चालेल का आणि कोकमतेलापेक्षा त्यात अधिक काय आहे, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. त्वचेसाठीची क्रीम आणि मलमे तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि शिया बटर हा माझ्या नेहमीच्या हाताळणीतला पदार्थ आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी थोडक्यात सांगायचे तर, शिया बटर म्हणजे शिया नावाच्या आफ्रिकी झाडाच्या बियांतून काढलेले लोण्यासारखे स्निग्ध, आणि कोरड्या त्वचेसाठी तो फार चांगला पदार्थ आहे. ते औषध नाही आणि औषध म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत. त्याचे गुण पुष्कळसे त्याच्या उगमावर अवलंबून असतात. फळ झाडावरून पडल्यानंतर बी किती दिवसांत उकळली, कशी वाळवली आणि त्यातून लोणी कसे काढले, यावर बरणीतल्या मालाची प्रत ठरते. त्यामुळे ‘ते कोठून येते’ हा प्रश्न ‘ते उपयोगी आहे का’ या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, आणि मी सुरुवात तेथूनच करतो.

शियाचे शास्त्रीय नाव व्हिटेलेरिया पॅराडॉक्सा. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, पश्चिमेकडच्या सेनेगलपासून पूर्वेकडच्या युगांडा आणि इथिओपियापर्यंत जो कोरडा गवताळ पट्टा पसरला आहे, तेथेच हे झाड नैसर्गिकरीत्या वाढते. माली, बुर्किना फासो, घाना, बेनिन आणि नायजेरिया हे त्याचे मुख्य देश. आपल्याकडचा चिकू आणि मोह ही दोन्ही झाडे शियाच्याच कुळातली आहेत. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल काढण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचा हा दूरचा आप्तसंबंध नागपूरकरांना ठाऊक असावा असे मला वाटते.

हे झाड सहसा कोणी लावत नाही. शेतासाठी जमीन मोकळी करताना शेतकरी इतर झाडे तोडतात आणि शियाची झाडे राखतात, त्यामुळे ज्वारी-बाजरीच्या पिकांत ती जागोजागी उभी दिसतात. पहिले फळ धरायला पंधरा-वीस वर्षे जातात, भरघोस उत्पन्न त्याहून कितीतरी उशिरा येते, पण झाड दोनशे वर्षांपर्यंत जगू शकते. एवढी वाट पाहून कोणी व्यापारी लागवड करत नाही, आणि म्हणून आज बाजारात येणारे जवळजवळ सगळे शिया बटर गावशिवारातल्या अशा राखलेल्या झाडांचेच असते. कोळशासाठी होणारी झाडतोड ही त्यामुळेच फार काळजीची गोष्ट आहे, कारण तोडलेल्या झाडाची जागा भरून यायला माणसाची अर्धी हयात लागते.

क्लिओपात्रा शिया बटर वापरत असे, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट दंतकथा म्हणून सोडून द्यावी. खरा पुरावा त्याहून मोलाचा आहे. बुर्किना फासोच्या पश्चिम भागातील किरिकोंगो या उत्खननस्थळी शियाच्या बियांची कवचे मोठ्या प्रमाणात सापडली आणि त्यांवरून तेथील लोक इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून शियाची बी फोडत होते, हे दिसून आले. चौदाव्या शतकात, १३५२ च्या सुमारास, माली राज्यात गेलेल्या इब्न बतूताने एका फळाच्या बियांपासून काढलेल्या तेलाचे वर्णन केले आहे. स्वयंपाक, दिवे, अंगाला लावणे आणि मातीत मिसळून घरे लिंपणे, असे त्याचे नाना उपयोग तो सांगतो, आणि ते वर्णन शियाला चपखल बसते. पुढे १७९५ ते १७९७ या काळात नायजर नदीच्या शोधात गेलेल्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने हे लोणी गाईच्या दुधाच्या लोण्यापेक्षा पांढरे, घट्ट आणि चवीला सरस असून मिठाशिवाय वर्षभर टिकते, असे नोंदवून ठेवले. झाडाच्या जुन्या शास्त्रीय नावात त्याचेच नाव आले आणि आजही बाटलीवरच्या घटकांच्या यादीत शिया बटर ‘ब्युटिरोस्पर्मम पार्की बटर’ असेच लिहिले जाते. खरेदी करताना हे नाव लक्षात ठेवावे.

आता लोणी काढण्याच्या पद्धतीकडे येतो. हे काम जवळजवळ सर्वत्र बायकाच करतात. पावसाळ्याच्या तोंडाला फळे पिकून खाली पडू लागतात आणि बायका पहाटे निघून ती वेचून आणतात. गोड गर खाल्ला जातो, आत गुळगुळीत तपकिरी कवचाची बी राहते. ही बी तशीच ओली पडून राहिली की तिला मोड येऊ लागतात आणि आतले विकर (एन्झाइम) स्निग्धांश मोडून मोकळी मेदाम्ले तयार करतात. लोणी खवट निघण्याचे हे पहिले कारण. म्हणून बी लवकरात लवकर उकळून घेतात, उन्हात वाळवतात, कवच फोडून दाणे काढतात आणि ते पुन्हा वाळवतात. पावसाळी हवेत ऊन मिळत नाही तेव्हा काही ठिकाणी दाणे धुरावर वाळवले जातात. अशा मालाला धुराचा वास तर राहतोच, शिवाय धुरातील हानिकारक संयुगेही त्यात उतरतात, आणि चांगला खरेदीदार असा माल नाकारतो.

वाळलेले दाणे कुटून भाजतात आणि गिरणीतून त्यांचा दाट, गडद तपकिरी लगदा करून आणतात. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. मोठ्या परातीत किंवा टबात लगदा घेऊन, त्यात थोडे थोडे पाणी घालत, कोपरापर्यंत हात बुडवून तो फेटला जातो. पाणी कधी कोमट घ्यायचे आणि कधी गार, हे हाताला कळावे लागते. बराच वेळ फेटल्यावर लगद्याचा रंग हळूहळू फिका पडतो, तो हलका होतो आणि भरपूर पाणी घातले की स्निग्धांश पांढुरका गोळा होऊन वर येतो, अगदी ताक घुसळताना लोणी वर यावे तसा. हा गोळा पुन्हा पुन्हा धुतात, मग कढईत मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत कढवतात, गाळतात आणि ढवळत ढवळत थंड करतात. पाण्याचा अंश मागे राहिला तर लोणी लवकर बिघडते, त्यामुळे कढवण्याची पायरी घाईने उरकता येत नाही. दाण्यात साधारण निम्म्या वजनाइतका स्निग्धांश असतो, पण हाताच्या पद्धतीत तो सगळा निघत नाही. या कामाला लागणारे पाणी आणि जळण हेही बायकांनाच वाहून आणावे लागते. एवढ्या श्रमांचे मोल मात्र त्यांच्या हाती थोडेच पडत आले आहे, कारण बराचसा माल कच्च्या दाण्यांच्या रूपातच परदेशी जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये नायजेरियाने कच्च्या शिया दाण्यांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली, ती प्रक्रिया आणि तिचा नफा देशातच राहावा यासाठी.

अनेकांना ठाऊक नसते की परदेशी गेलेल्या शियाचा मोठा भाग सौंदर्यप्रसाधनांत जात नाही, तो चॉकलेटमध्ये जातो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धे वापरता येतात, त्यांत शियाबरोबर साल वृक्षाची बी, आंब्याची कोय आणि आपले कोकम यांचीही नावे आहेत. शिया आणि कोकम यांची तुलना त्यामुळे अगदी योग्य आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही जवळजवळची स्निग्धे आहेत, आणि या मुद्द्याकडे मी पुढे परत येतो.

शिया बटरमध्ये ओलिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्ले मिळून पंचाऐंशी-नव्वद टक्के भरतात. ओलिकमुळे ते त्वचेवर सहज पसरते, स्टिअरिकमुळे त्याला घट्टपणा येतो. शरीराच्या तापमानाच्या आसपास ते वितळते, म्हणून बरणीत घट्ट असलेला पदार्थ तळहातावर चोळताच तेलासारखा होतो. पूर्वेकडच्या, म्हणजे युगांडा आणि दक्षिण सुदानकडच्या उपजातीत ओलिकचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तिचे लोणी मऊ असते. इथवर शियात असामान्य असे काही नाही. वेगळेपण आहे ते साबण न होणाऱ्या भागात, म्हणजे स्निग्धाच्या ज्या अंशाचा क्षाराने साबण बनत नाही त्यात. बहुतेक वनस्पतिजन्य तेलांत हा भाग एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, शियात तो त्याच्या कितीतरी पट असतो. त्यात ट्रायटर्पीन वर्गातील अल्कोहोलांची सिनॅमिक आणि ॲसिटिक आम्लांशी झालेली संयुगे असतात, तसेच ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कुळातील टोकोफेरॉलही असतात. या ट्रायटर्पीन संयुगांचा दाह कमी करणारा गुण प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील अभ्यासांत दिसला आहे. चिडलेल्या, लालसर त्वचेवर शिया लावल्यावर बरे वाटते, त्यामागे हे एक कारण असावे.

तरीही माझ्या मते त्याचा मुख्य उपयोग साधा आहे. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींच्या मधल्या फटी नैसर्गिक स्निग्धांनी भरलेल्या असतात. कोरडी हवा, गरम पाणी आणि साबण यांमुळे ही भर निघून जाते, त्वचेतले पाणी उडते, मग ती खरखरीत होते, खाजते आणि शेवटी तडकते. शिया बटर त्या फटी भरते, कडा मऊ करते आणि वर पातळ थर धरून पाणी उडण्याचा वेग कमी करते. पाणी अडवण्याच्या बाबतीत पेट्रोलियम जेली त्याच्याहून सरस आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मात्र जेलीचा चिकटपणा अनेकांना सहन होत नाही. जे लावायला आवडते तेच नियमाने लावले जाते, आणि कोरड्या त्वचेत नियमितपणाला पर्याय नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शिया बटरमध्ये पाणी नसते, त्यामुळे ते त्वचेला पाणी देऊ शकत नाही, असलेले राखू शकते. म्हणून ते कोरड्या अंगावर चोळण्यात अर्धा फायदा वाया जातो. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर अंग टॉवेलने नुसते टिपून घ्यावे आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर वितळवून पातळ थर लावावा. टाचांसाठी रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, टिपून घ्यावेत, शिया जरा जाड थराने लावावे आणि वर सुती मोजे घालावेत. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हे रोज केले तर साधारण भेगा एक-दोन आठवड्यांत मऊ पडू लागतात. टाचेवरची कातडी फार जाड झाली असेल तर नुसते स्निग्ध पुरत नाही, तेथे युरियायुक्त क्रीम लागते. भेगेतून रक्त येत असेल, सूज असेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना पाय दाखवावा.

जे शिया करू शकत नाही, त्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण जाहिरातींनी येथे फार गोंधळ माजवला आहे. त्यातील सिनॅमिक संयुगे अतिनील किरणे थोडीशी शोषतात, यावरून ते सनस्क्रीनचे काम करते असे सांगितले जाते. हे संरक्षण अगदी तोकडे आहे आणि उन्हात त्यावर विसंबू नये. गर्भारपणानंतरचे पोटावरचे व्रण त्याने जात नाहीत, त्वचा मऊ राहते आणि खाज कमी होते, एवढाच लाभ. शियाने मुरुमे होतच नाहीत, हा दावा, कोणता घटक किती मुरुमे आणतो याचे गुण देणाऱ्या ज्या तक्त्यांवरून केला जातो, ते मूळचे सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांवर बेतलेले आहेत, तेव्हा माणसाच्या चेहऱ्याला ते जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही. तेलकट चेहरा, मुरुमे, किंवा मुंबई-गोव्याच्या दमट हवेत छाती-पाठीवर येणारे बारीक खाजरे पुरळ असेल, तर तेथे शिया लावू नये. कोंड्यासाठी टाळूवर चोळणेही चुकीचे आहे, कारण कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी अशाच मेदाम्लांवर पोसली जाते. दमट हवेच्या प्रदेशात ओठ, कोपर, गुडघे आणि टाचा एवढ्यापुरतेच ते राखून ठेवावे.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल विचारले आहे. बाजारात दोन प्रकार मिळतात. अशुद्धीकृत शिया हस्तिदंती किंवा फिकट पिवळसर असते आणि त्याला भाजलेल्या दाण्यासारखा, किंचित धुरकट वास असतो. शुद्धीकृत शिया पांढरे आणि जवळजवळ बिनवासाचे असते. ते शुद्ध करताना रंग, वास आणि मोकळी मेदाम्ले काढली जातात, त्याबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग जातो, मात्र ट्रायटर्पीन संयुगांचा बराचसा भाग टिकतो. म्हणून शुद्धीकृत शिया निकामी असते, हे सर्रास केले जाणारे विधान मला मान्य नाही. नीट तयार केलेले ताजे अशुद्धीकृत शिया माझी पहिली पसंती आहे, पण मोड आलेल्या, बुरशी धरलेल्या किंवा धुरावर वाळवलेल्या दाण्यांच्या खवट ‘नैसर्गिक’ शियापेक्षा चांगले शुद्धीकृत शिया मी केव्हाही निवडीन, विशेषतः लहान मुलासाठी. गडद पिवळा रंग शुद्धतेची खूण मानू नये, काही ठिकाणी तो एका वनस्पतीच्या मुळीपासून काढलेला रंग घालून आणलेला असतो. आफ्रिकेसाठी अशुद्धीकृत शियाचे प्रादेशिक कोडेक्स मानक (कोडेक्स म्हणजे अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके) २०१७ मध्ये ठरले आहे. मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे मोकळ्या मेदाम्लांचा आणि पेरॉक्साइड मूल्याचा (हवेने स्निग्ध किती खवट होऊ लागले याच्या मापाचा) चाचणी-अहवाल अवश्य मागावा. घरी मात्र नाक हेच सर्वांत भरवशाचे साधन आहे. जुन्या तेलाचा खवट, आंबूस वास आला तर ते लावू नये.

तयार क्रीम घेताना घटकांची यादी वाचावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. शियाचे नाव सुगंधाच्याही खाली आले असेल, तर ते त्यात बहुधा नावापुरतेच आहे.

बरणीतले शिया पुढेमागे रवाळ होते आणि लोकांना ते बिघडल्यासारखे वाटते. नागपूरच्या मे महिन्यात ते पूर्ण वितळते, नंतर हळूहळू थिजताना त्यातील अधिक तापमानाला वितळणारे घटक आधी गोठून त्यांचे कण होतात. त्याने गुण कमी होत नाही. ते कोमट पाण्यावर धरून पूर्ण वितळवावे आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवून झटपट थंड करावे, म्हणजे पुन्हा एकजीव होते. बरणीत ओला हात किंवा ओला चमचा घालू नये. घरी शिया फेटून त्यात गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर मिसळण्याची जी पद्धत सुचवली जाते, तिला माझा ठाम विरोध आहे. निर्जल स्निग्धात जंतू वाढत नाहीत, पण त्यात पाणी मिसळले की परिरक्षकाशिवाय (प्रिझर्व्हेटिव्हशिवाय) काही दिवसांतच जंतू आणि बुरशी वाढू लागते, आणि ती डोळ्यांना दिसेलच असे नाही.

आता कोकमतेल. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेला स्निग्धांश काढतात आणि त्याचे मुठीत मावणारे गोळे वळून ठेवतात. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण शियापेक्षा बरेच अधिक असल्याने ते अधिक कडक असते, उशिरा वितळते आणि त्वचेवर कमी तेलकट वाटते. भेगा भरून धरण्याच्या कामात ते शियाच्या मागे नाही. शियाचे वेगळेपण साबण न होणाऱ्या भागात आणि सहज पसरण्यात आहे, त्यामुळे हात, पाय, पोटऱ्या अशा मोठ्या भागावर लावायला ते सोयीचे पडते. माहेराहून चांगले कोकमतेल येत असेल तर टाचा आणि ओठांसाठी ते बदलण्याचे काहीच कारण नाही. दोन्ही वापरायची असतील तर एक भाग कोकमतेल, दोन भाग शिया आणि एक भाग तिळाचे तेल मंद आचेवर वितळवून एकत्र करावे. 

मुलाबद्दल जरा अधिक सावधपणे सांगतो. शियामध्ये ॲलर्जी घडवू शकणारी प्रथिने जवळजवळ नसतात आणि त्याची ॲलर्जी अतिशय विरळ आहे. तरीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. लाली किंवा खाज आली नाही तर आंघोळीनंतर सर्वांगाला पातळ थर लावायला हरकत नाही. सुगंध किंवा सुगंधी तेले घातलेले शिया मात्र मुलासाठी घेऊ नये. कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत लाल, खाजरे चट्टे येत असतील, रात्री खाजेने झोप मोडत असेल किंवा त्वचा ओली होऊन स्राव येत असेल, तर तो नुसता कोरडेपणा नसून इसब असू शकतो. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांनी दिलेले औषध आधी लावावे, ते जिरू द्यावे आणि थोड्या वेळाने वरून शिया लावावे. स्राव येणाऱ्या जागी ते अजिबात लावू नये.